दिनविशेष : ७ नोव्हेंबर १९७० – रोममधला उजवा ठोसा

अर्जेंटिनाचा मुष्टियोद्धा कार्लोस मोन्झोन याने ७ नोव्हेंबर १९७० रोजी रोममध्ये इटलीच्या निनो बेनवेनुती याला बाराव्या फेरीत नॉकआउट करून मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद जिंकले. बेनवेनुतीसाठी हे घरचे मैदान होते. मोन्झोनच्या उजव्या हाताचा ठोसा जबड्यावर बसला आणि बेनवेनुती कोसळला.

त्यानंतर मोन्झोनने सलग १४ वेळा हे जेतेपद राखले. ३० जुलै १९७७ रोजी मोंटे कार्लो येथे कोलंबियाच्या रॉड्रिगो वाल्देझला दुसऱ्यांदा हरवून तो अजिंक्य जगज्जेता म्हणून निवृत्त झाला. १०० व्यावसायिक लढतींत तो केवळ तीनदा, तेही सुरुवातीच्या काळात, पराभूत झाला. म्हणूनच सर्वश्रेष्ठ मिडलवेट योद्ध्यांत त्याचे नाव आजही घेतले जाते.

या कारकिर्दीची दुसरी बाजू झाकता येत नाही. १९८८ मध्ये मार देल प्लाता येथे झालेल्या अलिसिया मुनीझ या आपल्या जोडीदाराच्या हत्येबद्दल त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. ८ जानेवारी १९९५ रोजी तुरुंगातून सुटीवर असताना मोटार अपघातात तो मरण पावला. रिंगणातला पराक्रम घरातल्या हिंसेवर पांघरूण घालू शकत नाही. मोन्झोनचा विक्रम सांगताना अलिसियाचे नावही घेतलेच पाहिजे.