मादाम गेरांचं काम

"तू शाळेत नेमकं काय करतेस गं?" हा प्रश्न नातेवाईकांपैकी निदान चौघांनी विचारून झालाय. शिकवत नाहीस, मग वर्गात दिवसभर बसतेस कशाला? 'शॅडो टीचर' असं उत्तर दिलं की समोरचा आणखी गोंधळतो :) म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. पण माझ्याबद्दल नको, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच बाईंबद्दल लिहिते.

जानेवारी १८००. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों भागात साधारण बारा वर्षांचा एक मुलगा रानातून वस्तीत आला. बोलता येत नव्हतं, माणसांत राहायची सवय नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला पॅरिसला, मूकबधिर मुलांच्या संस्थेत आणलं. पिनेल म्हणजे त्या काळातले मनोविकारांचे मोठे तज्ज्ञ. त्यांनी तपासून सांगितलं की, यात काही सुधारणा होणार नाही. संस्थेत नव्यानेच लागलेल्या ज्यां इटार या २६ वर्षांच्या डॉक्टरला मात्र हे पटलं नाही. त्याने मुलाला शिकवायचं ठरवलं, नाव ठेवलं व्हिक्टर. या प्रयत्नांवर त्याने १८०१ आणि १८०६ मध्ये दोन अहवाल लिहिले. विशेष मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत इथूनच सुरू होतो.

इटार धडे द्यायचा. सुटी अक्षरं जुळवणं, वस्तू आणि चित्रांच्या जोड्या लावणं वगैरे. पण धडा संपल्यावर? आंघोळ, जेवण, बागेत फिरवणं, आजारपण, आदळआपट... हे सगळं मादाम गेरां बघायच्या. सरकारने त्यांना याच कामासाठी नेमलं होतं.

इटारचे अहवाल वाचताना एक गोष्ट लक्षात येते. व्हिक्टर बोलायला फारसा कधी शिकलाच नाही. 'ले' म्हणजे दूध, हा त्याचा पहिला शब्द. तोही दूध मागताना नाही, तर मिळाल्याच्या आनंदात म्हणायचा, आणि त्यामुळे इटार निराश झाला होता! दुसरा उद्गार 'ओ दिए', म्हणजे 'अरे देवा'. तो मादाम गेरांच्या तोंडी सारखा असायचा, तिथून त्याने उचलला. तिसरा आवाज 'ल्ली'. गेरांची मुलगी ज्युली रविवारी घरी यायची, तिच्या नावाचा हा तुकडा असावा असं इटारलाच वाटलं. थोडक्यात, तीनपैकी दोन उद्गार धड्यांतले नव्हतेच. ते मादाम गेरांच्या घरातून आले होते.

वागणुकीचंही तसंच. धडे नकोसे झाले की व्हिक्टर थैमान घालायचा. एकदा इटारने, मुलाला उंचीची भीती वाटते हे ठाऊक असूनही, त्याला उचलून वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरलं. थैमान थांबलं, मुलगा रडला. इटारने हे स्वतःच नोंदवलंय. त्याच्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. मादाम गेरांचे पती वारले, तरी व्हिक्टरने नेहमीप्रमाणे टेबलावर त्यांचं ताट मांडलं. ते पाहून मादामना रडू कोसळलं. मुलाने ताट उचललं, कपाटात ठेवलं, आणि पुन्हा कधीही ते मांडलं नाही. दुसऱ्याचं दुःख ओळखायला त्याला कुणी धडा देऊन शिकवलं नव्हतं.

साधारण पाच वर्षांनी इटारने शिकवणं थांबवलं. मादाम गेरांनी नाही थांबवलं. १८२८ मध्ये व्हिक्टर वारला, तो त्यांच्याच घरी. पाव शतकाहून जास्त काळ!

पुढची साखळी आपल्यापर्यंत येते. इटारचा शिष्य सेगां, त्या दोघांची पुस्तकं अभ्यासणाऱ्या माँटेसरीबाई, माँटेसरींच्या विचारांवर बालमंदिर उभं करणारे गिजुभाई बधेका, त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक, आणि ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं काम, ज्यातून अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरासाठी बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीत सेविकेबरोबर मदतनीसही आली. दोघींना पगार नाही, 'मानधन'. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं २०२२ मध्ये. म्हणजे ४७ वर्षांनी.

तर माझं काम. तास बदलायच्या पाच मिनिटं आधी सांगून ठेवणं, घंटेने घाबरणाऱ्या मुलाला आधीच व्हरांड्यात नेणं, फळ्यावरच्या चार ओळी एकेक करून पुढ्यात ठेवणं. चिडचिड का होतेय हे ती वाढायच्या आत ओळखणं. आणि हळूहळू मागे सरकत जाणं, म्हणजे मूल माझ्याकडे न बघता शेजारच्या मित्राकडे बघेल. प्रगतिपुस्तकात यातलं काही येत नाही. येणारही नाही, कारण ज्या दिवशी काम चांगलं झालं त्या दिवशी वर्गात काहीच घडलेलं नसतं.

इटारने मात्र एक चांगलं केलं. अहवालात त्याने मादाम गेरांचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. म्हणून तर आज त्यांच्याबद्दल एवढं तरी कळतं. ते न लिहिणारे किती असतील!

असो. फ्रान्स्वा त्रुफोने १९७० मध्ये या मुलावर सिनेमा काढलाय, मिळाला तर जरूर बघा. इटारची भूमिका दिग्दर्शकाने स्वतःकडेच ठेवलीये. तुम्ही मात्र बघताना मादाम गेरांवर लक्ष ठेवा.