कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता

मागे एकदा एका जुन्या प्रोग्रामचं पॅकेज बांधत होतो. कॉन्फिगर स्क्रिप्टला 'प्रिफिक्स' हवा होता. म्हटलं, देऊन टाकू होम डिरेक्टरीतला एक तात्पुरता फोल्डर. पॅकेज झकास बनलं. दुसऱ्या मशीनवर टाकलं तर हा पठ्ठ्या आपली कॉन्फिग फाइल माझ्याच होम डिरेक्टरीत शोधतोय!

हा घोळ कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७१ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्स पीडीपी-११ वर आलं. पहिली डिस्क पुरेना, तेव्हा प्रोग्राम्सनी दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे युजर मंडळींच्या 'यूएसआर'मध्ये, बिऱ्हाड हलवलं. निव्वळ जागेची अडचण हो! तत्त्वज्ञान लोकांनी नंतर चिकटवलं. ही वाटणी मोडायला फेडोराला २०१२ उजाडलं, आणि डेबियनने ती २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत सक्तीने मोडली.

स्वतः कंपाइल केलेल्या गोष्टींसाठी 'यूएसआर-लोकल' रूढ झालं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं, त्यातही प्रिफिक्स दिला नाही तर हाच धरतात. जोडीला 'एक्झेक-प्रिफिक्स' आहे. एकाच नेटवर्कवर वेगवेगळ्या प्रोसेसरची मशीनं असायची; मॅन पेजेस सगळ्यांना सारखीच चालतात, बायनरी नाही. म्हणून बायनरीचं घर वेगळं ठेवायची सोय. आज बहुतेकांना तिची गरजच पडत नाही.

आता माझी चूक. सरकारी फॉर्मवर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन रकाने असतात ना, तसंच आहे हे. प्रिफिक्स हा कायमचा पत्ता. कंपाइल होताना तो प्रोग्रामच्या पोटात कोरला जातो. सध्याच्या पत्त्यासाठी 'डेस्टडिर' आहे. 'मेक इन्स्टॉल' करताना प्रत्येक पाथच्या आधी तो लागतो, फायली तिथे उतरतात, आणि प्रोग्रामला याची खबरही नसते. आरपीएम आणि डेबियनची पॅकेजं बांधताना हीच युक्ती वापरतात. पण हे चालतं कधी, तर मेकफाइल लिहिणाऱ्याने इन्स्टॉलच्या प्रत्येक ओळीत डेस्टडिर लिहिलं असेल तरच.

मग मी शहाण्यासारखा प्रिफिक्स 'यूएसआर' दिला, डेस्टडिरला तात्पुरता फोल्डर, आणि रूट म्हणून 'मेक इन्स्टॉल' चालवलं. नेमक्या मॅन पेजच्या ओळीत लेखक डेस्टडिर विसरला होता. ते पान थेट माझ्या चालू सिस्टिमवर जाऊन बसलं, आधीच्या पानाच्या उरावर. ती ओळ दुरुस्त करून लेखकाला पॅच पाठवला, आणि दुसऱ्यांदा मेक चालवलं ते साध्या युजरने.