चापड्याची नोंद

पावसाळ्यात मोलेच्या किंवा म्हादईच्या रानात रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्यांना ओढ्याकाठच्या फांदीवर कधीमधी चापडा दिसतो. त्रिकोणी डोके, बारीक मान, आणि तासन् तास जागचे न हलण्याची सवय. वेळूच्या बेटात राहणारा हिरवा चापडा एक आणि मलबारी चापडा दुसरा. हा दुसरा मोठा बहुरूपी. हिरवा, पिवळा, तपकिरी, कुठल्याही रंगात भेटतो. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीमध्ये एक खळगी असते. काळोखात भक्ष्याच्या अंगाची ऊब त्यांना तिच्यामुळे कळते.

कागदोपत्री हिरव्या चापड्याची नोंद बरीच जुनी आहे. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर विशाखापट्टणमला राहत होता. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ झाला. विषारी साप कुठला नि बिनविषारी कुठला हे लोकांना ओळखता यावे, ही त्याची खटपट. त्यासाठी त्याने साप गोळा केले, कोंबड्या-कुत्र्यांना चाववून विष पारखले (बिचारी कुत्री!) आणि १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा सचित्र ग्रंथ छापला. त्यात पुष्कळ सापांची नावे तिथले लोक म्हणत तशीच आहेत. आपला चापडा तिथे 'बोडरू पाम' म्हणून येतो. पाम म्हणजे तेलुगूतला पामु, साप. १८०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज शॉने त्यावरूनच त्याला लॅटिन नाव दिले, ग्रामिनिअस. म्हणजे गवतासारखा.

२०२१ मध्ये नावाचा पूर्वार्धही बदलला. ट्रायमेरेसुरस होता, तो क्रास्पेडोसेफॅलस झाला. फाईलचा नंबर बदलला की काय घोटाळा होतो, ते आम्हा कारकुनांना विचारा.

पण दोन शतकांहून जुनी ही नोंद औषधाच्या यादीत काही पोचली नाही. आपल्याकडे घोड्यांच्या रक्तापासून जे प्रतिविष तयार होते ते चौघांसाठी: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. माणसे मरतात ती मुख्यतः यांच्यामुळे, तेव्हा निवड चुकली असे म्हणवत नाही. चापडा चावून मृत्यू क्वचितच येतो. मात्र सूज, असह्य वेदना आणि कधी रक्त न गोठणे हे सारे असते, आणि त्यावर नेमके औषध नाही. डॉक्टर लक्षणे बघून उपचार करतात.

म्हणून कुळागरात कुणाला साप चावला तर कापाकापी न करता थेट इस्पितळ गाठावे. साप मारायच्या किंवा धरायच्या नादी लागू नये. तो हिरवा होता, फांदीवर होता, एवढे दिसले असेल तर तेवढे डॉक्टरला सांगावे.