खळीतली माती

सोलापूरचा इतिहास लिहिताना आपण सूत, माग, गिरण्या आणि संप यांविषयी भरभरून लिहितो. सुताला लावतात त्या खळीविषयी क्वचितच. मला ही उणीव मोठी वाटते. ताण्याचा धागा मागावर टिकतो तो खळीमुळे. तिच्या इतिहासात कारागिराचे कसब आहे, व्यापाऱ्याची लबाडी आहे आणि विज्ञानातला एक अवघड प्रश्नही आहे.

तेलंगणातून सोलापुरात आलेले पद्मशाली विणकर असोत की साळी-कोष्टी, ताणा लांबवर पसरून त्याला पेज लावायची आणि कुंच्याने धागे मोकळे करत वाळवायचे, हे काम कुणाला चुकले नाही. यालाच पांजणी म्हणतात. पेज पातळ झाली तर धागा पिंजतो, दाट झाली तर कडक होऊन तुटतो. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', स्थापन झाली. यंत्रमागाच्या वेगात धाग्याची घासण वाढली आणि पांजणीचे काम गिरणीच्या सायझिंग खात्याकडे गेले.

गिरण्यांच्या खळीत पिष्टाबरोबर चरबी आणि चिनी मातीही पडू लागली. ही रीत लँकेशायरची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला लांब धाग्याचा कापूस मँचेस्टरला मिळेना. त्याच्या जागी हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस गेला; तिकडे त्या सगळ्यालाच 'सुरत' म्हणत. कमकुवत सुताला खळ जास्त लागू लागली आणि तिच्यात कॉर्नवॉलची माती वाढत गेली. युद्ध संपले तरी माती राहिली, कारण ती कापसापेक्षा स्वस्त होती आणि कापडाचे वजन वाढवत होती. टॉडमॉर्डनच्या विणकरांनी धुळीविरुद्ध तक्रार केली, तेव्हा डॉ. जॉर्ज बुकॅनन यांनी १८७२ मध्ये त्याची सरकारी चौकशी केली. तेच जड कापड बोटीने आपल्याकडे येई. पहिल्या धुण्यात माती निघून गेली की हातात विरळ जाळी उरे. कापूस आपला, आणि पैसे मातीचे.

पण ही माती खळीत तरंगत राहते कशी? साध्या पाण्यात ढवळलेली माती काही वेळाने तळाशी बसते. पिष्ट शिजले की त्याचे कण फुगतात आणि त्यातल्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. अशी खळ द्रवासारखी वाहते आणि थोडी रबरासारखी मागेही ओढली जाते. अशा पदार्थाला स्निग्ध-लवचीक म्हणतात. त्यात कण सहज खाली बसत नाहीत, म्हणून धाग्यावर मातीचा थर सारखा चढवता येतो.

साध्या द्रवात कण मिसळले की तो किती घट्ट होतो, याचे गणित आइनस्टाइनने १९०६ मध्ये मांडले आणि त्यातला आकडा १९११ मध्ये दुरुस्त केला. मात्र खळ साध्या द्रवाच्या नियमांत बसत नव्हती. मँचेस्टरजवळच्या शर्ली संस्थेत फॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात पिष्टाची खळ बारीक नळ्यांतून वाहवून पाहिली. जोर वाढवला की ती प्रमाणापेक्षा जास्त सैल पडे. असल्या पदार्थांच्या अभ्यासाला आज प्रवाहशास्त्र म्हणतात. त्याच्या उभारणीत कापडधंद्याचा हा वाटा आहे.

पुढचे शोध अधिक नवलाचे. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखवले की साध्या द्रवासोबत नळीतून वाहणारे गोल कण भिंत आणि मध्य यांच्या दरम्यान कडे करून राहतात. १९६६ मध्ये कार्निस आणि मेसन यांना लवचीक द्रवात ते मध्याकडे सरकताना दिसले. मिशेल आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असा द्रव दोन पृष्ठभागांमध्ये सरकवला, तेव्हा सुटे कण प्रवाहाच्या दिशेने माळेसारखे ओळीत लागले. द्रवातल्या ताणलेल्या साखळ्या कणांना ढकलत असतात. चिनी मातीचे कण गोल नसून चपटे असतात, म्हणून हे निष्कर्ष खळीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी एवढे नक्की की वाहती खळ मातीला नुसती वाहून नेत नाही, तिची मांडणीही बदलते.

या गुणाला नीती नाही. प्रामाणिक विणकराचा धागा तो वाचवतो आणि भेसळ करणाऱ्याची मातीही धरून ठेवतो. फरक माणसाच्या हातात असतो. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे नाव झाले ते धुण्यानंतरही अंगात राहणाऱ्या सुतामुळे.

गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या मालकांची चरित्रे आणि न्यायालयीन निवाडे ग्रंथालयांत आहेत. सायझिंग खात्यात वाफेत उभे राहून खळ शिजवणाऱ्यांचे ज्ञान मात्र कागदावर फारसे उतरले नाही. कोणत्या सुताला किती पिष्ट, किती चरबी, किती वेळ आच, हे सांगणारी माणसे आता थकली आहेत. शहराच्या इतिहासाचे काम करणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे जायला हवे.