मूत्राची साक्ष



१९४० च्या सप्टेंबरपासून लंडन शहरावर रात्रीमागून रात्र जर्मन विमानांचा बॉम्बवर्षाव सुरू झाला. कोसळलेल्या घरांखालीं तासचे तास दबून राहिलेलीं माणसें मदतपथकें जिवंत बाहेर काढीत. माणूस बोले, पाणी मागे. आप्तांना वाटे, वांचला! पुढें त्याचें मूत्र पिंगट होई, दिवसेंदिवस कमी पडे, आणि आठवडाभरांत तो दगावे. जखम पायाला आणि मरण मूत्रपिंडानें, असें हें कोडें होतें.

हॅमरस्मिथ रुग्णालयांतील एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील यांनीं अशा चार रोग्यांची हकीकत मार्च १९४१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें छापली. चौघांपैकीं एकहि वांचला नाहीं. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य अशा रोग्यांच्या मूत्रांत उतरतें, हेंहि त्याच वर्षीं सिद्ध झालें. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचा घात करणारें तें हेंच.

परंतु कारण कळलें तरी वेळ साधेना. मूत्रपिंडाच्या परीक्षेसाठीं वैद्यक विसंबतें तें क्रिएटिनिनवर. पिक्रिक अम्लाशीं त्याचा तांबूस रंग उमटतो, हें मॅक्स याफे यांनीं १८८६ सालीं दाखविलें. त्या रंगावरून तें मोजण्याची रीत आजहि प्रयोगशाळांतून चालते. दोष एवढाच कीं, मूत्रपिंड बिघडल्यावर क्रिएटिनिन रक्तांत सांचून वाढायला एक-दोन दिवस लागतात. वेशींत पाणी शिरल्यावर पुराची दवंडी पिटावी, तसा हा प्रकार!

मग एका द्रव्याऐवजीं साऱ्याच द्रव्यांची हजेरी घेतली तर? चयापचयांतून उपजणाऱ्या द्रव्यांच्या अशा एकत्रित आलेखाला अमेरिकेंतील हॉर्निंग दांपत्यानें १९७१ सालीं 'मेटाबॉलिक प्रोफाइल' म्हटलें. १९८५ सालीं लंडनच्याच जेरेमी निकल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांना पाऱ्याचें विषारी लवण देऊन त्यांचें मूत्र प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत तपासलें. साखर, अमिनो अम्लें, सेंद्रिय अम्लें यांच्या रेषा पालटलेल्या दिसल्या. निरोगी नलिका साखर व अमिनो अम्लें परत शोषून घेतात. तीं मूत्रांत सुटूं लागलीं म्हणजे कोणता भाग दुखावला याचाहि माग लागतो.

मला ही कल्पना फार सुंदर वाटते. पण ती अद्याप रोग्याच्या खाटेपाशीं नीटशी पोंचलेली नाहीं. आहार, वय, औषधें यांनीं मूत्राची घडण रोज बदलते, आणि त्या गलबल्यांतून रोगाचा सूर निवडणें कठीण. २०१२ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येंतहि क्रिएटिनिन व मूत्राचें प्रमाण हींच दोन मानें राहिलीं. म्हणून भूकंपाच्या ढिगाऱ्याखालीं अडकलेल्या माणसाला, शक्य असेल तर, बाहेर काढण्यापूर्वींच शिरेंतून सलाइन सुरू करावें, असें आतां मदतपथकांना शिकवितात.