मॉन्टिचेलोच्या टेकडीवरचे वक्ते

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिल गावाजवळच्या एका टेकडीवर थॉमस जेफरसनचे मॉन्टिचेलो हे घर उभे आहे. त्याच्या पायऱ्यांवर १९६३ पासून दरवर्षी ४ जुलैला नव्या नागरिकांचा शपथविधी होतो आणि त्या दिवशी पाहुणा वक्ता बोलावण्याची प्रथा आहे. त्याच्याही आधीपासून या टेकडीवर भाषणे होत आली. फ्रँकलिन रूझवेल्ट १९३६ मध्ये इथे बोलले, ट्रुमन १९४७ मध्ये. शपथविधी सुरू झाल्यावर १९७६ मध्ये फोर्ड आणि २००८ मध्ये धाकटे बुश आले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा माणूस इथे राहिला आणि १८२६ मध्ये ४ जुलैलाच इथे वारला, त्यामुळे वक्त्यांना विषय शोधावा लागत नाही. या घरातले रोजचे जगणे कसे होते, ते कोणाच्या श्रमावर चालत होते, हे मात्र राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांतून फारसे कळत नाही. ते सांगणारी माणसे वेगळी होती, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला या वास्तूला शंभराहून अधिक वर्षे लागली.

टेकडीचा माथा सपाट करण्याचे काम १७६८ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी बांधकामाला हात लागला. फ्रान्समध्ये पाच वर्षे काढून परतल्यावर जेफरसनने मूळचा आराखडा बदलला, १७९६ पासून घर वाढवायला घेतले आणि १८०९ च्या सुमारास ते पुरे झाले. भोवतीची जमीन सुमारे ५,००० एकर होती. आधी तंबाखू आणि पुढे गहू ही तिथली पिके. घराच्या दक्षिणेला उतारावर हजार फूट लांबीचा भाजीपाल्याचा मळा होता. त्यात तीनशेहून अधिक वाणांच्या भाज्या लावून त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. वाटाणा ही मालकाची विशेष आवड.

घराची मांडणी पाहिली की तिथल्या राहणीचा उलगडा होतो. जेवणघरातल्या शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी कप्प्यांत दोरीवर चालणारे छोटे पाळणे आहेत. तळघरातून त्यांत दारूची बाटली ठेवली की ती थेट वर येई. जवळच एक फिरते दार आहे आणि त्याच्या एका अंगाला फळ्या. नोकर बाहेरच्या बाजूने फळ्यांवर ताटे मांडून दार फिरवी आणि जेवण आत पोचे. पाहुणे फ्रेंच पद्धतीच्या पदार्थांची वाखाणणी करत, पण ते रांधणारे हात त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडत. ती ताटे वाढणारी, रांधणारी, दळणारी, लोहारकाम करणारी माणसे गुलाम होती. जेफरसनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे मालकीत ठेवली.

स्वयंपाकघराची हकिगत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. जेम्स हेमिंग्ज या तरुणाला जेफरसनने १७८४ मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकवली. परतल्यावर जेम्सने स्वातंत्र्य मागितले, तेव्हा १७९३ मध्ये लेखी अट पडली: आपल्या जागी दुसऱ्याला तयार कर, मग सुटका. जेम्सने भाऊ पीटर याला शिकवले आणि १७९६ मध्ये तो मोकळा झाला. जाण्याआधी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. ती आजही जपलेली आहे. तांब्याची पातेली, झाकणे, साचे यांची साधी मोजदाद. पण या घरातल्या गुलामाच्या अक्षरातला असा कागद दुर्मीळ आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पुढे जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना एडिथ फॉसेट ही बाई राष्ट्राध्यक्षांच्या निवासातल्या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकून इथली मुख्य स्वयंपाकीण झाली.

घराच्या खालच्या अंगाला तुतीच्या झाडांवरून ‘मलबेरी रो’ हे नाव पडलेली एक गल्ली होती. सुतारशाळा, लोहारशाळा, गुलामांची खोपटी अशी सगळी तिथेच. १७९४ मध्ये तिथे खिळे पाडण्याचा कारखाना निघाला. त्यात दहा ते सोळा वर्षांची मुले भट्टीपुढे उभी राहून रोज आठ ते दहा हजार खिळे ठोकत. आठवड्याचा शिधा म्हणजे मक्याचे पीठ, थोडे मांस आणि खारे मासे. तो पुरत नसे, म्हणून ही कुटुंबे रात्री आणि रविवारी परसात भाजी लावत, कोंबड्या पाळत आणि काकड्या, अंडी मालकाच्याच घरी विकत. जेफरसनच्या नातीच्या हिशेबाच्या वहीत त्या खरेदीच्या नोंदी आहेत. वैभवाच्या वर्णनांपेक्षा हा वहीतला हिशेब तिथल्या जीवनाबद्दल जास्त सांगतो.

जेफरसन मरण पावला तेव्हा डोक्यावर लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज होते. जानेवारी १८२७ मध्ये टेकडीवरच लिलाव पुकारला गेला. फर्निचर, गुरे आणि १३० माणसे विक्रीला काढली. लोहार जोसेफ फॉसेटला मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळाले होते, पण बायको एडिथ आणि मुले लिलावात गेली. मुलांपैकी पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मॉन्टिचेलोचे खरे वक्ते या पांगलेल्या माणसांतून आले. पहिला आयझॅक जेफरसन हा लोहार. १८४७ मध्ये पीटर्सबर्ग गावी चार्ल्स कॅम्पबेल या इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच्या तोंडून आठवणी लिहून घेतल्या. मालक नेहमी गुणगुणत असे, आणि स्वयंपाकघरात कधी आलाच तर फक्त घड्याळाला किल्ली द्यायला, असे आयझॅकने सांगितले. चुलीशी राबणाऱ्यालाच दिसावी अशी ही गोष्ट आहे. त्याचा कातडी एप्रनमधला फोटोही उपलब्ध आहे. आठवणी मात्र छापून आल्या १९५१ मध्ये.

ओहायो राज्यातल्या एका छोट्या वृत्तपत्राने १८७३ मध्ये अशा दोन मुलाखती छापल्या. इझ्रेल जेफरसन हा तरुणपणी मालकाच्या गाडीवर असे. १८२४ मध्ये फ्रान्सचा सेनापती लाफायेत भेटीला आला, तेव्हा गाडीतले बोलणे त्याच्या कानावर पडले. गुलामांना मोकळे करावे, असे पाहुणा म्हणाला. ती वेळ कधीतरी येईल, असे यजमान म्हणाला, पण कधी आणि कशी ते त्याने सांगितले नाही. निदान शिक्षण तरी द्यावे, असे पाहुण्याने सुचवले. त्यावर वाचायला शिकवण्यास हरकत नाही, पण लिहिता आले तर ते खोटे परवाने बनवतील, असे उत्तर आले. दुसरी मुलाखत मॅडिसन हेमिंग्ज या सुताराची. आपली आई सॅली हेमिंग्ज आणि आपले वडील खुद्द थॉमस जेफरसन, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी पुण्याच्या जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतली गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना फुल्यांनी ते अर्पण केले होते. एकीकडे गुलामगिरी मोडल्याबद्दल जगातून आदर व्यक्त होत होता आणि दुसरीकडे त्याच देशात मॅडिसनचे म्हणणे थापा म्हणून बाजूला सारले जात होते.

पीटर फॉसेट लिलावानंतर अनेक वर्षे गुलामीत राहून १८५० मध्ये मोकळा झाला. सिनसिनाटी शहरात त्याने खानपानाचा व्यवसाय केला, धर्मोपदेशक झाला आणि पळून आलेल्या गुलामांना मदत केली. त्याच्या आठवणी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात आल्या. १९०० मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात पोचलेला हा गृहस्थ पुन्हा मॉन्टिचेलो पाहायला गेला. घर तेव्हा लेव्ही कुटुंबाकडे होते. नौदलातल्या यूराया लेव्हीने ते १८३४ मध्ये घेतले होते आणि पडझडीपासून वाचवले होते.

स्मारक म्हणून मॉन्टिचेलो १९२३ मध्ये एका संस्थेच्या ताब्यात आले. सुरुवातीच्या दशकांत घर दाखवणारे वाटाडे कृष्णवर्णीय पुरुष असत. पुढे त्यांच्या जागी गोऱ्या स्त्रिया नेमल्या गेल्या. सांगायच्या गोष्टी मात्र त्याच राहिल्या: घुमट, घड्याळ, पुस्तके, दारूचे पाळणे. सॅली हेमिंग्ज जिथे राहिली असावी ती दक्षिण बाजूची खोली एके काळी पर्यटकांसाठी पुरुषांचे स्वच्छतागृह करण्यात आली होती.

बदल घडला तो १९९३ मध्ये. ‘गेटिंग वर्ड’ या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात संशोधक घरोघरी जाऊन गुलामांच्या वंशजांना भेटू लागले. शंभराहून अधिक जणांनी पणजोबांकडून आलेल्या गोष्टी सांगितल्या, आणि अनेक घरांत मॅडिसनच्या कथनाशी जुळणारी परंपरा निघाली. अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांच्या १९९७ च्या पुस्तकाने जुन्या इतिहासकारांचे आक्षेप एकेक करून तपासले. पुढच्या वर्षीच्या डीएनए चाचणीत हेमिंग्ज वंशजांचा जेफरसन घराण्याशी संबंध दिसला आणि २००० मध्ये संस्थेने आपल्या अहवालात मॅडिसनचे म्हणणे बहुतांशी मान्य केले.

आता मलबेरी रोवरची खोपटी पुन्हा उभी केली आहेत आणि गुलामांच्या जीवनावर स्वतंत्र फेरी निघते. इथल्या व्याख्यानांना पाककलेचे अभ्यासक येतात, शेतीचे जाणकार येतात आणि हेमिंग्ज, फॉसेट घराण्यांचे वंशजही येतात. हे वंशज बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडी स्वतःच्या घरची हकिगत असते, आणि मॉन्टिचेलोला इतका अधिकारी वक्ता दुसरा मिळणार नाही. सॅली हेमिंग्जचे एकही चित्र उपलब्ध नाही. म्हणून २०१८ मध्ये दक्षिण बाजूला तिच्यासाठी दालन उघडले, तेव्हा तिची कहाणी मॅडिसनने १८७३ मध्ये सांगितलेल्या शब्दांत मांडण्यात आली.