खाराची उतरण

मेहकर आगारात मी कंडक्टर होतो आणि राहायला हिवरा आश्रमला. तिथल्या विवेकानंद जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीला येणारी गर्दी माझ्या गाडीनं पाहिली, तशीच नवरात्रात लोणारच्या कमळजादेवीला निघालेली गर्दीही. सुलतानपूरला गाडी वळली की बाया ओटीच्या पिशव्या मांडीवर घेऊन सावरून बसायच्या.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कळत नव्हती. पुण्या-मुंबईचे पाहुणे लोणारच्या खोल तळ्याच्या कडेवर उभे राहून फोटो काढत आणि चहा पिऊन परतत. आमच्या बाया मात्र गुडघे धरत तळाशी असलेल्या देवीपर्यंत उतरत. एकदा एका म्हातारीला विचारलं, ''काहून उतरता मावशी एवढ्या खाली?'' ती म्हणाली, ''नवस केला खाली, तं फेडा लागते खालीच.'' तिचं चुकलं नव्हतंच, पण ही वाट नवसाआधी आणखी कशाची तरी होती, हे मला निवृत्तीनंतर वाचायला बसल्यावर उमगलं.

अकबराच्या काळी आमचं मेहकर म्हणजे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाच म्हणा. अबुल फज़लनं 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद करताना लोणारसाठी चार ओळी जास्त खर्च केल्या आहेत. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो. पण दरबारी माणूस तो, त्याचा डोळा महसुलावर. इथे काच आणि साबण करायला लागणारा माल निघतो आणि त्याचं उत्पन्न चांगलं येतं, हेही लिहून ठेवतो. वरच्या झऱ्याच्या तोंडाशी बैल कोरलाय म्हणतो. आम्ही त्यालाच गोमुख म्हणतो आणि त्या झऱ्याला धार. सोमवारी अमावास्या आली तरच त्या झऱ्याचं पाणी खालच्या तळ्यात जातं, असंही त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा आमच्याकडचाच असणार.

काच-साबणाचा तो माल म्हणजे खार. तर ही उतरण खाराची. या तळ्यात पाण्याला यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. ऊन पाणी पितं आणि खार मागे ठेवतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावरचा खार काढायचा नि डोक्यावर घेऊन चढायचं. कडेपासून तळ जवळजवळ १३७ मीटर खोल, वाडगं पावणेदोन किलोमीटरहून रुंद. रिकाम्या हातानं चढताना माझा श्वास फुलतो, ओझ्याचं तर बोलायलाच नको. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं, तरी खाराची मोजदाद सुटली नाही. दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशा त्याच्या जाती गॅझेटियरात नोंदल्या आहेत. साहेबानं स्पेलिंगं काहीही केली असोत, नावं देणारी माणसं खाली चिखलात उभी होती.

तळं कसं झालं, याची गावाची कथा वेगळी. लवणासुर जमिनीखाली दडला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त आणि खार हे मांस. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं. साहेबांना मात्र हा थंड झालेला ज्वालामुखी वाटत असे. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तळाखालच्या खडकाचे नमुने तपासले, तर त्यातल्या काही खनिजांची धक्क्यानं काच झालेली. असा धक्का ज्वालामुखी देत नाही, आकाशातून पडलेला दगडच देतो. अबुल फज़लनं काचेचा माल लिहिला तो वेगळा, पण काच दोन्हीकडे आलीच. वयाचा घोळ अजून आहे. कुणी ५२ हजार वर्षं सांगतं, कुणी ५ लाख ७० हजार. आमच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावली, तेव्हा तळ्याला मी काय बोलणार?

२००० सालापासून तिथे अभयारण्य आहे. आता खार चिमूटभरही उचलायचा नाही. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तेव्हा मी घरात बसून टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत तळ्याचं नाव लागलं.

निवृत्त झालो त्या नवरात्रात मात्र पहिल्यांदा बायकोबरोबर खाली उतरलो. इतकी वर्षं खाली सोडलेल्या माणसांची वाट बघत मी वर स्टँडवरच बसलेलो. धारेच्या पायऱ्या, मग रामगयेचं देऊळ, मग झाडोरा. काठाशी सडक्या अंड्यासारखा वास. कोरड्या चिखलावर पांढरी साय, पाय ठेवला की पापडासारखी मोडते. कमळजेची ओटी भरून बायकोचे तळवे हळदीनं पिवळे झाले होते. तिनं वाकून ते पाण्यात बुडवले, तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली, आणि हळद लालभडक. ''देवीनं कुंकू दिलं,'' ती म्हणाली. सोड्याच्या पाण्यात हळद लाल होतेच, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो.

चढून आलो. धारेचं गोड पाणी गोमुखातून पडत होतं, तिनं हात खाली धरले. लाली गेली, पुन्हा पिवळे. तिनं हात पदराला न पुसता तसेच वाळू दिले आणि परतीच्या गाडीत मेहकर येईपर्यंत मांडीवर उताणे ठेवले.